सुरू हाय का बंद?

आप्पांनी किल्ली फिरवली तेव्हा इंजिन सुरूच होतं. कर्रर्र असा आवाज झाला आणि चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला. चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाने सुरू गाडीला पुन्हा सेल्फ मारावा, ही त्यांच्या लेखी जवळजवळ बेअब्रूच होती. ते खाली उतरले, बॉनेटवर तळवा टेकवून क्षणभर थांबले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सुरू हाय का बंद, एवढं तरी कळायला नको व्हय रे?"

ही २०११ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. आई-आप्पा पहिल्यांदाच कोल्हापूरहून आमच्याकडे मिशिगनला आले होते. गाडी १९९४ ची लेक्सस एलएस ४००. २००४ साली मी ती एका निवृत्त दंतवैद्याकडून घेतली, तेव्हाच १,१८,००० मैल पळालेली होती. रंग राखाडी. नीट सांगायचं तर रंग असा काही नाहीच. पावसाळी दुपारी आभाळाला जो असतो तो.

गंमत अशी की गाड्यांचे आवाज मोजणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. मोटार कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात मी आवाज आणि हादरे यांच्या विभागात काम करतो. गाडीच्या अंगावर ठिकठिकाणी सेन्सर चिकटवायचे, ड्रायव्हरच्या कानाच्या उंचीवर मायक्रोफोन टांगायचा आणि कुठला आवाज कुठून येतो त्याचा माग काढायचा. आप्पाही तेच करत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानापाशी हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग गेलंय, टॅपेट सैल आहे की नोझल नीट मारत नाही, हे ते असं उभ्याउभ्या सांगत. त्यांना आवाज हवा असे, गाडीचं दुखणं कळावं म्हणून. मला मात्र आवाज नाहीसा करण्याचाच पगार मिळतो. या फरकाचा मी तोवर कधी विचार केला नव्हता.

यंदा मुलीला लायसन्स मिळालं आणि घरात प्रश्न निघाला, ही जुनी गाडी तिला द्यायची, विकायची की ठेवायची? एका रविवारी मी कागदावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे गुण, उजवीकडे उणिवा. इंजिनिअरची खोड, दुसरं काय. अर्ध्या तासाने पाहिलं तर 'शांत' हा शब्द रेघेच्या दोन्ही बाजूंना लिहिलेला होता, आणि दोन्हीकडचं अक्षर माझंच होतं.

या शांततेमागे मोठा हट्ट आहे. १९८३ च्या ऑगस्टमध्ये टोयोटाचे अध्यक्ष एइजी टोयोडा यांनी आपल्या वरिष्ठ मंडळींपुढे सवाल टाकला की जगातल्या उत्तमोत्तम गाड्यांच्या तोडीची गाडी आपल्याला करता येईल का. त्यात स्वाभिमान होता तसा व्यवहारही होता. १९८१ पासून जपानने अमेरिकेला पाठवायच्या गाड्यांवर 'स्वेच्छेने' मर्यादा घालून घेतली होती, सुरुवातीला वर्षाला १६.८ लाख. स्वेच्छा कसली, अमेरिकेने दंडुका दाखवला होता. पण नग वाढवता येत नसतील तर एकेका नगात जास्त कमवायचं, हे गणित कुठल्याही दुकानदाराला येतं. होंडाने १९८६ मध्ये अमेरिकेत अक्युरा हा महागड्या गाड्यांचा ब्रँड काढला, तो याच हिशेबाने, आणि टोयोटाने लेक्सस.

या गाडीचे मुख्य इंजिनिअर होते इचिरो सुझुकी. त्यांनी गाडीपुढे मागण्यांच्या जोड्या ठेवल्या आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये एक शब्द घातला: तरीही. वेगात पक्की, तरीही बसायला मऊ. जोरकस, तरीही पेट्रोल कमी पिणारी. शांत, तरीही वजनाने हलकी. देखणी, तरीही वारा कापणारी. ऐकायला हे लग्नाच्या जाहिरातीसारखं वाटतं: गोरी, सुशिक्षित, नोकरी करणारी, तरीही गृहकृत्यदक्ष. पण आमच्या धंद्यातल्या माणसाला यातली प्रत्येक जोडी म्हणजे एकेक भांडण आहे. गाडी शांत करायची तर जाड पत्रा हवा, फेल्टचे थर हवेत, म्हणजे वजन आलं. वजन आलं की पेट्रोल आलं. आम्ही अशा वेळी दोघांचं थोडं थोडं ऐकतो आणि दोघांनाही नाराज ठेवतो. सुझुकींनी तडजोड करायला नकार दिला. साधारण साडेचारशे नमुना-गाड्या बांधून मोडल्या गेल्या आणि खर्च एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला, असं सांगतात. ताशी १०० किलोमीटरला गाडीच्या आत ५८ डेसिबल, हे उद्दिष्ट होतं. त्या वेळच्या तोलामोलाच्या जर्मन गाड्या ६१ च्या आसपास होत्या. तीन डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात, पण तीन डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची शक्ती निम्मी.

त्यांनी हे साधलं कसं? आवाज दाबण्याऐवजी त्यांनी तो जन्मालाच येऊ दिला नाही. जपानीत यासाठी 'गेन्र्यू' असा शब्द वापरतात, म्हणजे नदीचा उगम. पाणी गढूळ आलं तर घराघरात फडकी बांधू नका, उगमापाशी जा. इंजिनापासून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट बहुतेक गाड्यांत मध्ये जरासा वाकडा बसतो, आणि त्या कोनातून बारीक थरथर सुरू होते. यांनी अख्खी गाडी आखताना तो जवळपास सरळ रेषेत बसवला. गिअर बदलताना इंजिनाचा जोर निमिषभर उतरवला जातो, म्हणजे धक्का शोषून घ्यायची वेळच येत नाही. हे मला पहिल्यांदा जाणवलं तेव्हा लहानपणी पाहिलेली पालखी आठवली. खांदेकरी बदलतात, पण आतल्या पादुका हलत नाहीत. नवा खांदा लागेपर्यंत जुना सुटत नाही, एवढीच त्यातली कला. कितीही वेळा पाहिलं तरी ती कला आहे हे विसरायला होतं.

जानेवारी १९८९ मध्ये गाडी जगाला दाखवली ती कुठे, तर डेट्रॉइटच्या कोबो हॉलमधल्या प्रदर्शनात. सरळ अमेरिकन मोटारधंद्याच्या ओसरीवर. किंमत ३५,००० डॉलरपासून पुढे. त्याच मापाच्या जर्मन गाड्या याहून कितीतरी महाग होत्या. सप्टेंबरात विक्री सुरू झाली आणि डिसेंबरात नामुष्की आली. मागच्या काचेतला ब्रेक लाइट आणि क्रूझ कंट्रोल यांच्याबद्दल मोजक्या तक्रारी येताच कंपनीने विकलेल्या सगळ्याच, सुमारे ८,००० गाड्या परत बोलावल्या. बोलावल्या म्हणण्यापेक्षा माणसं घरी पाठवून नेल्या, दुरुस्त केल्या, धुऊन, टाकी भरून परत आणून ठेवल्या, आणि हे सगळं वीस दिवसांत. आमच्याकडे नव्या पोरांना शिकवताना हा किस्सा अजून सांगतात. डेट्रॉइटमध्ये बसून जपान्यांचं कौतुक सांगायचं म्हटलं की सांगणाऱ्याचा आवाज जरा खाली येतो, तो भाग वेगळा.

त्याच वर्षीची त्यांची जाहिरात पुष्कळांना आठवत असेल. बॉनेटवर शॅम्पेनच्या पेल्यांचा मनोरा रचलाय, मागची चाकं रोलरवर आहेत, वेग वाढत वाढत ताशी १४५ मैलांवर जातो आणि एकही पेला हलत नाही. मला ती आवडते आणि तिचा रागही येतो. कारण त्यात सगळं आहे, फक्त रस्ता नाही.

रस्त्यासकट ती चाचणी आप्पांनी घेतली. आम्ही सगळे स्मोकी पर्वतात निघालो होतो. आमच्या घराजवळून आय-७५ हा महामार्ग धरला की ओहायो, केंटकी आणि टेनेसी, नाक एकाच दिशेला ठेवून जायचं. ओहायोत रस्ता इतका सपाट आणि सरळ आहे की झोप न येणं हीच मेहनत. आप्पा पुढे बसले होते. त्यांनी थर्मासमधून स्टीलच्या पेल्यात चहा ओतला, तो डॅशबोर्डवर ठेवला आणि हात काढून घेतला. मी म्हटलं, "आप्पा, सांडेल." ते काही बोलले नाहीत, पेल्यावर डोळे लावून बसले. काट्यावर पंचाहत्तर मैल होते, म्हणजे एकशेवीस किलोमीटर. पुलाच्या सांध्यावरून गेलो की चहावर एक गोल लाट उठायची, काठाला लागायची आणि विरायची. बाकी काही नाही. चार-पाच मैल त्यांनी हे बघितलं, मग गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला आणि म्हणाले, "काम केलंय." त्यांच्या कोशात यापेक्षा मोठा शब्द नाही. वर्कशॉपमध्ये कुणाच्या हाताला ते क्वचितच 'काम' म्हणत. इतरांचं ते 'जुळवाजुळव'.

आईला मात्र गाडीची एकच गोष्ट पटली होती. किल्ली काढली की स्टीअरिंग आपोआप वर सरकतं, उतरणाऱ्याला जागा करून देतं. "बघा, वडीलधारं माणूस उठलं की उठून उभी राहते. आजकाल माणसं बी राहत न्हाईत."

केंटकीत पेट्रोल भरताना आप्पांनी तो प्रश्न विचारला जो ते जगातल्या कुठल्याही गाडीबद्दल विचारतात. "अॅव्हरेज किती देते?" गॅलन आणि मैलांचा हिशेब करून मी सांगितलं, लिटरला साडेआठ, तेही असल्या सरळ रस्त्यावर. तेही साधं पेट्रोल नाही, महागातलं घालावं असं कंपनी सुचवते. त्यांनी मागे वळून गाडीतली माणसं मोजली. आई, बायको, तीन वर्षांची मुलगी. "आमची साडेचार द्यायची," ते म्हणाले, "पण पंचेचाळीस माणसं न्यायची." सुझुकींच्या सगळ्या 'तरीहीं'ना मी आजवर ऐकलेलं सर्वांत मार्मिक उत्तर ते हेच.

दुसऱ्या दिवशी घाट लागला. गॅटलिनबर्गहून न्यूफाउंड गॅपकडे रस्ता चढतो, खिंड ५,०४६ फुटांवर. ऑक्टोबरात तिथली झाडं अशी पेटलेली असतात की डोळ्यांना काय बघावं कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणापासून आई गप्प झाली. सहाव्याला तिने पदर तोंडाला लावला. मी गाडी कडेला घेतली. गाडी लागली होती. ('गाडी लागणं' हा शब्दप्रयोग मला फार नेमका वाटतो. माणसाला काही झालेलं नसतं, गाडीच त्याला लागलेली असते, दृष्ट लागावी तशी.) तिने पिशवीतून खडीसाखरेची डबी काढली, दोन खडे तोंडात टाकले, कठड्यापाशी दहा मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "करूळ घाटात एसटीत बी एवढी लागत न्हाई मला."

आईचं हे वाक्य मी पुढे ऑफिसात बरेच दिवस वागवलं. यात या गाडीची मोठी उणीव आहे, आणि ती तिच्या गुणातूनच निघालेली आहे. हिचे स्प्रिंग मऊ आहेत. सरळ रस्त्यावर ती खड्डे गिळते, वळणावर कलते आणि वळण संपलं तरी सरळ व्हायला तिला वेळ लागतो. होडीतल्यासारखं. माणसाला मळमळतं ते धक्क्यांनी नव्हे, संथ हिंदोळ्यांनी. सेकंदाला एका फेऱ्याच्याही पाचव्या हिश्शाएवढ्या संथ हेलकाव्यांचा त्रास सगळ्यांत जास्त, हे आमच्या शास्त्रात पक्कं ठाऊक आहे. एसटी पाठ मोडते, हाडं खिळखिळी करते, पण शरीराला बेसावध पकडत नाही. वळण येण्याआधी ड्रायव्हर गिअर टाकतो, इंजिन कण्हतं, भोंगा वाजतो, खिडक्यांच्या काचा खडखडतात, आणि या सगळ्या गोंगाटातून अंगाला कळतं की आता डावीकडे झुकायचं आहे. आपण नकळत समोरची दांडी धरतो. आमच्या गाडीने आईला यातलं काहीच सांगितलं नाही. आवाज न करता ती कलली आणि आवाज न करता परत आली. गोंगाटाने आधी सावध केलं तर गाडी कमी लागते, हे माझं आपलं मत आहे. कुणी प्रयोग करून खोटं ठरवलं तर मला वाईट वाटणार नाही.

चेहऱ्याबद्दल बोलायचं तर या गाडीला स्वतःचा असा चेहरा नाही. जर्मन गाडीच्या वळणावर काढलेली, सगळे कोपरे जपून गोल केलेले. पत्र्यांमधल्या फटी मात्र अशा सारख्या की त्यांवरून छर्रा घरंगळत नेऊन दाखवणारीही एक जाहिरात होती. चारचौघांत ती उठून दिसत नाही, आणि मी घेतली तेव्हा मला ते सोयीचंच वाटलं होतं. डेट्रॉइटमध्ये जपानी गाडी चालवण्याला एक इतिहास आहे. इथल्या काही कारखान्यांच्या आवारात परक्या कंपन्यांच्या गाड्या लांबच्या पार्किंगमध्ये लावायला सांगणाऱ्या पाट्या असत. १९८२ मध्ये याच शहराच्या पोटातल्या हायलंड पार्कमध्ये व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला मोटार उद्योगातल्या दोघांनी बेसबॉलच्या बॅटने मारहाण केली आणि तो गेला. गाड्यांच्या धंद्यावर गदा आल्याचा राग त्या दोघांनी जपानी समजून त्याच्यावर काढला होता. शिक्षा काय, तर प्रोबेशन आणि तीन हजार डॉलर दंड. माझ्या एका वयस्क सहकाऱ्याने पहिल्याच आठवड्यात माझी गाडी बघून, हसत हसत, हे सगळं मला सांगितलं. हसण्याचा अर्थ मी अजून लावतो आहे.

१९९५ च्या मे महिन्यात तर अमेरिकन सरकारने जपानच्या तेरा महागड्या मॉडेलांवर शंभर टक्के आयातकर लावायची घोषणा केली होती, आणि एलएस त्यात होतीच. जूनअखेर जिनिव्हात तह झाला आणि कर टळला. पण तोवर येन एवढा चढला होता की ३५,००० ची गाडी पन्नास हजारांच्या पुढे गेलीच होती. माझ्या दंतवैद्याने १९९४ मध्ये तिच्यासाठी जे मोजलं असेल, त्यातला काही भाग तरी गाडीचा नसून चलनबाजाराचा होता.

डेट्रॉइटचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे मीठ. शहराच्या खाली सुमारे १,२०० फुटांवर मिठाची प्रचंड खाण आहे, आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला इथे रस्त्यावर मीठ पसरतात. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायची रीत. इथे गाडी मीठ खाते आणि मग मीठ गाडीला खातं. जपानच्या आइची प्रांतात ताहारा इथल्या कारखान्यात ज्या पत्र्यावर एवढं काम झालं, त्याच्या कडांना वीस हिवाळ्यांनी तपकिरी नक्षी काढली आहे. ब्रेकच्या नळ्या मला दोनदा बदलाव्या लागल्या. याचा दोष मी कुणाला देऊ? मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी गाडी बर्फात तशीही केविलवाणी होते. हल्ली डिसेंबर ते मार्च मी ती बाहेर काढत नाही. म्हणजे वर्षातून चार महिने आमच्याकडे एक उत्तम, निरुपयोगी वस्तू गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली असते.

इंजिनाबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही, आणि तक्रार असलेला माणूस मला भेटलेला नाही. चार लिटरचं, आठ सिलिंडरचं, अॅल्युमिनियमचं इंजिन, २५० हॉर्सपॉवर. वेळच्या वेळी तेल आणि ९०,००० मैलांना टायमिंग बेल्ट एवढंच ते मागतं. माझ्या पिढीच्या इंजिनात बेल्ट तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्हची टक्कर होत नाही. पुढे १९९८ पासून जास्त ताकदीचं इंजिन आलं त्यात होते. मॅट फरा या मोटारींवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या गृहस्थाने १९९६ ची एक एलएस सुमारे नऊ लाख मैलांवर विकत घेतली आणि २०१९ मध्ये ती दहा लाखांवर नेली. दहा लाख मैल म्हणजे चंद्रावर दोनदा जाऊन दोनदा परत, आणि तरी वर थोडे उरतात.

या जातीच्या गाड्या थकतात त्या भलतीकडेच. काट्यांना प्रकाश देणाऱ्या व्यवस्थेकडे, जी या गाडीची नवलाई होती. काळ्या अंधारात नुसते काटे आणि आकडे तरंगताना दिसत. पंचवीस-तीस वर्षांनी एखादा काटा विझतो आणि वेग कळतो पण पेट्रोल कळत नाही, असं होतं. इलेक्ट्रॉनिक पेट्यांमधले चिमुकले कपॅसिटर गळतात आणि आजूबाजूचं सर्किट खाऊन टाकतात. पॉवर स्टीअरिंगच्या पंपातून तेल झिरपायला लागलं की ते नेमकं खालच्या अल्टरनेटरवर पडतं. आणि सेल्फ! तो बसवलाय इंजिनाच्या माथ्यावर, दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या घळीत, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली. तो बदलायचा म्हणजे आधी अर्धं इंजिन उघडायचं. आप्पांना हे दाखवलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या हिशेबात सेल्फ म्हणजे खाली शिरून तीन बोल्ट काढले की हातात. "म्हणजे ज्यांनी केली त्यांनी ठरवलंच हुतं, हा जायाचा न्हाई," ते म्हणाले. त्यात निम्मी टीका होती आणि निम्मा हेवा. आपल्या कामाबद्दल इतकी खात्री त्यांना कुणी कधी बाळगू दिली नव्हती.

आई-आप्पा परत गेल्यावर गाडीत एक आवाज यायला लागला. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग वळणावर पुन्हा टिक. दुसऱ्या एखाद्या गाडीत तो ऐकूही आला नसता, इंजिनाच्या गुरगुरीत बुडून गेला असता. मोठा आवाज धाकट्यांना झाकतो. मोठा काढून घेतला की धाकटे सगळे बाहेर येतात. आमच्या विभागात हे रोजचं दुखणं आहे, एक आवाज मारावा तर त्याच्यामागून तीन उठतात. मी तीन आठवडे शोधलं. ऑफिसातला मायक्रोफोन घरी आणला, बायकोला मागे बसवून पार्किंगमध्ये आठाचे आकडे काढले. शेवटी मागच्या सीटच्या खाली, कार्पेटच्या घडीत, खडीसाखरेचा एक खडा सापडला. डबी उघडताना पडला असणार. मी तो तिथून काढला. काढल्यावर गाडी इतकी शांत झाली की पुढचे दोन दिवस मी रेडिओ लावून ऑफिसला गेलो.

मुलीचं सांगायचं राहिलं. तिला गाडी आवडली, आधी मला वाटलं त्याहून जास्तच. कॅसेट कुठे घालतात ते तिने मैत्रिणींना दाखवलं. एका रविवारी सकाळी मी तिला आय-७५ वर घेऊन गेलो. छान चालवत होती, खांदे सैल, हात हलके. बोलता बोलता माझी नजर काट्याकडे गेली आणि मी शक्य तितक्या सहजपणे म्हटलं, "वेग किती आहे?" तिने पाहिलं आणि तिचा पाय सुटला. "बाबा! मला वाटलं साठ असेल." शहाऐंशी होता. ती घाबरली, मी तिच्याहून. माझ्या सोळाव्या वर्षी आप्पांच्या राजदूतवर सत्तरला गेलो तरी हँडल, आरसा, दात, सगळं सांगायला लागायचं की आता पुरे. या गाडीला सांगताच येत नाही. शिवाय एअरबॅग पुढे दोनच, बाजूंना काही नाही, आणि घसरताना गाडी सावरणारी आजची यंत्रणा तर नाहीच. ४५० नमुने बांधणाऱ्यांनी त्या काळी जे शक्य होतं ते सगळं केलं होतं. पण तो काळ आता तीस वर्षं मागे राहिला.

तेव्हा तिला एक लहान, दहा वर्षांची गाडी घेतली. चढावर ती हंबरते, पन्नासच्या पुढे दारं गुणगुणतात, आणि थंडीत सकाळी सुरू केली की बॉनेटखालून चिर्रर्र असा आवाज येतो. राखाडी गाडी तिच्या शेजारी उभी आहे. विकायची जाहिरात मी दोनदा लिहिली. दोन्ही वेळा 'अतिशय शांत' या शब्दांपाशी येऊन थांबलो.

परवा आप्पांचा व्हिडिओ कॉल आला होता. ते आता ब्याऐंशीचे आहेत, ऐकायला कमी येतं. मुलगी म्हणाली, "आजोबा, माझी गाडी ऐका ना," आणि फोन घेऊन गॅरेजमध्ये गेली. बॉनेट उघडलं, गाडी सुरू केली, फोन इंजिनापाशी धरला. पडद्यावर आप्पांनी मशीन लावलेला कान पुढे केला आणि डोळे मिटले. कोल्हापुरात रात्रीचे साडेआठ वाजले असतील. त्यांच्यामागे टीव्ही चालू होता, तो आईने बंद केला.

"बेल्ट हाय," ते म्हणाले. "न्हाईतर त्याची पुली. हात लांब ठेव, आणि जरासं पाणी मार बेल्टवर. आवाज गेला तर बेल्टच समज."

तिने झाडांना मारायची स्प्रेची बाटली आणली आणि फुस्स करून पाणी मारलं. चिर्रर्र थांबलं. चार सेकंदांनी पुन्हा सुरू झालं.

"बेल्टच," आप्पा म्हणाले. खुर्चीत मागे टेकले. "अॅव्हरेज किती देते गं?"